आडनावासकट लिही

धारूर, जि. बीड

चि. ताईस,


तुझी कथा वाचली. उसाच्या फडावरच्या बाईची कथा लिहिलीस, पण गावाचं नाव गाळलंस, बाईला आडनाव दिलं नाहीस आणि स्वतःचंही छापू दिलं नाहीस. वर विचारतेस, "मावशी, राजकारण बाजूला ठेवून नुसतं साहित्य लिहिता येणार नाही का? आडनाव दिसलं की लोक कथेच्या आधी जात वाचतात."

तुझी भीती खोटी नाही, ती आपल्या जिल्ह्यानंच तुला दिली आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. एका घरातला कर्ता माणूस गेला, त्याच्या लेकरांचं छत्र गेलं. पण चावडीवर, फोनवर बघता बघता त्याची दोन जातींची लढाई करून टाकली. पुढं २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावंच काढली, फक्त पहिलं नाव ठेवलं. दारात आलेल्या माणसाला खाकीतली जात दिसू नये, हा हेतू चांगला होता. पण पोलिसानं आडनाव झाकणं आणि लिहिणारीनं झाकणं, यात फरक आहे. पोलिसाला सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा असतो. तुला, हा न्याय कुणाच्या वाट्याला का येत नाही, हे सांगायचं आहे. ते सांगताना गाव आणि आडनाव वगळलंस तर सांगायला उरतं काय?

राजकारण बाजूला ठेवायचं म्हणतेस, पण ते तुझ्या जन्माच्या आधीच तुमच्या घरात येऊन बसलं होतं. दिवाळी सरली की माझ्या शाळेतल्या वर्गात अजूनही बाकं रिकामी होतात. ऊसतोडीला न्यायला दारात ट्रक लागतो. पत्र्याची पेटी, पिठाचं गाठोडं, कोयते, एखादी शेळी आणि त्यांच्यावर लेकरं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्याचा शब्द मोडता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पैसा नवऱ्याच्या हातात पडतो. बाई पहाटे पाचटाच्या कोपीत भाकरी थापते, दिवसभर फडात वाकते, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दंड बसतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आलेला आकडा तू कथेत घेतला नाहीस, मी लिहिते: बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. ह्या बायका बीडच्याच का? पाणी कुठं अडलं, कारखाने कुठं उभे राहिले, मजुरीचा दर कुणी कुणाशी बसून ठरवला, हे विचारलं की कथा राजकारणात शिरतेच. न विचारता लिहिलेली कथा सुंदर होईल, पण अर्धी राहील.

आपल्या भागात लिहिण्याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. तुझ्या बी.ए.च्या पदवीवर विद्यापीठाचं जे नाव छापलंय, ते नीट बघ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या वर्षांत एक अख्खी पिढी मोर्च्यात चालता चालता लिहायला शिकली. प्रा. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' औरंगाबादहून निघत होतं. ज्यांच्या घरात आधी कुणी पुस्तक धरलं नव्हतं, त्यांचं लेखन तिथं छापून आलं. त्या लोकांना कुणी विचारलं नाही की नुसतं साहित्य लिहिता की चळवळ करता. त्यांना दोन्हींतून एक निवडण्याची चैन नव्हती.

आणि एकनाथ आवाड, आपले जिजा. दुकडेगावचा मातंग समाजातला मुलगा, वडील पोतराज. शिकला, आणि वडिलांचे देवीच्या नावानं वाढवलेले केस कापून त्यांचं पोतराजपण सोडवलं. पुढं मानवी हक्क अभियान उभं केलं, गायरानं कसणाऱ्या भूमिहीनांसाठी गावोगाव लढले, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. 'जग बदल घालुनी घाव' हे त्यांचं आत्मचरित्र वाच. जेरी पिंटोंनी ते इंग्रजीत नेलं. तुला त्यातून एवढंच घ्यायला सांगते: पहिला घाव त्यांनी स्वतःच्या घरात घातला. ज्या बापावर जीव होता, त्याच्याच डोक्यावरच्या रूढीला हात लावला, मग गावाकडं वळले. म्हणून त्यांचं बोलणं खरं वाटतं.

माझं म्हणणं तेच आहे, ताई. आडनाव लाव, आणि त्या आडनावाची वकिली करू नकोस. आपल्यावर झालेला अन्याय लिहिणं अवघड असतं, पण आपल्या माणसांनी केलेला अन्याय लिहिणं त्याहून अवघड. तुझ्या कथेतला मुकादम नुसता राक्षस आहे. पण मुकादम आपल्याही भावकीत आहेत. तेही कारखान्याच्या पैशाखाली दबलेले असतात, आणि तेच रात्री घरी येऊन लेकरांना जवळ घेतात. तुझ्या बाईचा नवरा तिची कमाई खिशात घालतो, तो तुझ्या बापासारखा दिसायला लागला म्हणून तू त्याला एका परिच्छेदात गुंडाळलंस. तिथंच जास्त रेंगाळायला हवं होतं. शेजारच्या कोपीतली दुसऱ्या जातीची बाई तर कथेत आलीच नाही. तळावर तिचंही लेकरू रात्रभर खोकतं, तिच्याही उचलीचा हिशेब मुकादमाच्याच वहीत असतो. गावी परतल्यावर निवडणुकीत ह्या दोघी समोरासमोर उभ्या केल्या जातात. हे दाखवलंस तर आडनाव वाचून आलेला माणूस आडनाव विसरून वाचेल.

लोक बोलतील. भावकी म्हणेल घरचं चव्हाट्यावर आणलं. पलीकडचे म्हणतील हिचंही शेवटी जातीचंच. दोन्हीकडून बोल आले तर समज की लिहिणं नीट झालंय. आईची काळजी करू नकोस, तिच्याशी मी बोलते.

उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की टोळ्या परत येतात. तेव्हा ये, आठ-पंधरा दिवस राहा. बायांजवळ बस, वही पिशवीतच राहू दे, आधी ऐक. मग कथा पुन्हा लिही: गावाच्या नावानिशी, तुझ्या पूर्ण नावानिशी. छापून आली की पहिली प्रत तुझ्या बापाला दे, आणि शेजारी बसून त्याला वाचून दाखव.

तुझी,
मावशी