खातेदाराची संमती

गेल्या कार्तिकातील ती पहाट मी विसरू शकत नाही. आदल्या दिवशी चतुर्दशी होती. पाचच्या सुमारास पत्नीने मला हाक मारली. परंतु तिचे शब्द नीट जुळत नव्हते. अंग घामाने भिजले होते, हात थरथरत होते. घाईघाईने ग्लुकोमीटर काढून तिच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ५२. रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे धोक्याचे, हे मधुमेह असलेल्या घरात सर्वांनाच ठाऊक असते. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले. आकडा ८८ वर आला. ती भानावर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “अहो, सूर्योदय झाला होता का?”

मी उत्तर दिले नाही. तिला ते कळले.

याच वेळी आमच्या कपाटात साखरेवर अहोरात्र लक्ष ठेवणारा सेन्सर खोक्यात पडून होता. तो दंडावर असता, तर कदाचित तासभर आधीच सूचना मिळाली असती. मग तो कपाटात का होता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला माझ्या छत्तीस वर्षांच्या बँकसेवेतील पहिला दिवस आठवला. परंतु ते क्रमाने सांगतो.

पत्नीला मधुमेह होऊन सोळा वर्षे झाली. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून मुलाने तो सेन्सर पाठवला होता. नाण्याएवढी चकती दंडावर चिकटवायची. तिचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, तेथील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि आकडा मोबाइलवर येतो. एक चकती साधारण चौदा दिवस चालते. मुलाने ॲप तिच्या मोबाइलवर घेतले, शिवाय माझ्या आणि स्वतःच्याही मोबाइलवर जोडून दिले. आम्हा दोघांना ती सोय वाटली. तिला विचारावे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला, “आई, अडीच वाजता काय खाल्लेस? आलेख एकदम वर गेलाय.” ती हसून काहीतरी बोलली. संध्याकाळी चकती काढून ठेवली आणि म्हणाली, “दंडाला खाज येते.”

मी अनुमान काढले की तिला हे तंत्रज्ञान झेपत नाही. हे अनुमान किती पोकळ होते! हीच गृहिणी दुकानाच्या गल्ल्यावर बसते तेव्हा यूपीआयचे पैसे जमा झाल्याची खातरजमा स्वतः करते, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी थोडे थांबून विचार करायला हवा होता. माणसे नवे तंत्र का स्वीकारतात, याविषयी फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले प्रतिमान प्रसिद्ध आहे. त्यात मुख्य प्रश्न दोन : हे माझ्या उपयोगाचे आहे का, आणि हे मला सोपे वाटते का? पुढे २००३ मध्ये व्यंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी जोडल्या : आपल्या माणसांचे मत आणि हाताशी असलेले साहाय्य. आमच्या घरी तर चारही गोष्टी हजर होत्या. तरीही चकती कपाटात गेली.

डॉक्टरांकडेही माझा उत्साह असाच आपटला. ते आमच्या घराचे पंचवीस वर्षांचे डॉक्टर. सेन्सर लावल्यापासून मी त्यांना सकाळ-संध्याकाळ आलेखाची छायाचित्रे पाठवू लागलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन केला. “साहेब, हे थांबवा. माझ्याकडे असे दोनशे रुग्ण आहेत. सर्वांचे आकडे मी पाहायचे केव्हा? आणि रात्री दोन वाजता तुम्ही काही पाठवलेत, मी झोपेत असलो, तर जबाबदार कोण?” मला ते जुन्या वळणाचे वाटले. वास्तविक तसे नव्हते. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि फोन वा व्हिडिओवरून तपासण्याचे नियम स्पष्ट झाले, तेव्हा याच डॉक्टरांनी टाळेबंदीत शेकडो रुग्णांना फोनवरून सल्ला दिला होता. रुग्णाला दुरून तपासणे पुरेसे आहे की नाही, याचा निर्णय त्या तत्त्वांनी डॉक्टरांच्याच हाती ठेवला होता. जबाबदारीची चौकट आखून मिळाली की डॉक्टर पुढे येतात. मी मात्र त्यांच्यावर चौकटीविना ओझे टाकले होते.

त्या पहाटेनंतर आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितले नाही, पण खुर्ची तिच्याकडे वळवून विचारले, “वहिनी, आदल्या दिवशी जेवण किती वाजता झाले होते?”

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “दुपारी साडेबाराला. एकाशन होते.” पुढचे हळूहळू बाहेर आले. अष्टमी-चतुर्दशीला ती वर्षानुवर्षे एकाशन करते, हे मला माहीत होते. डॉक्टरांना मात्र तिने कधी सांगितलेच नव्हते. आणि त्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही गोळ्या ती दुपारच्या जेवणासोबत एकदम घेत असे, हे मलाही माहीत नव्हते. “आलेख मुलाला दिसला असता, तर माझी चतुर्दशी बंद झाली असती,” ती म्हणाली. “दंड माझा, व्रत माझे, आणि हिशेब मात्र सगळ्यांच्या हातात!”

मी मान खाली घातली. बँकेत रुजू झालो, त्या दिवशी टेबलाशी बसण्यापूर्वी माझ्याकडून निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतली होती. बाजारपेठेतल्या शाखेत वर्षानुवर्षे काम केले. एका पेढीवर बसणारे दोन सख्खे भाऊ. पण एकाच्या खात्यातील शिल्लक दुसऱ्याला मी कधी सांगितली नाही. वडिलांनी मुलाच्या खात्याविषयी विचारले, तरी नम्रपणे म्हणत असे, “काका, खातेदारालाच विचारा.” १९९० च्या दशकात शाखेत संगणक आले, तेव्हा व्यापारी मंडळी प्रथम बिचकली. यंत्र चुकेल ही भीती थोडी होती. आपली शिल्लक पडद्यावर कोणाकोणाला दिसेल, ही अधिक. काउंटरमागचा माणूस तोच आहे आणि तोंड बंद ठेवतो, हे पटले तेव्हाच यंत्रही पटले. हे सारे अनुभवलेल्या मी स्वतःच्या घरात मात्र खातेदाराला न विचारता तिचे खाते दोघांसाठी उघडले होते.

डॉक्टरांनी तोडगा काढला. “वहिनी, हे यंत्र तुमचे. कोणी पाहायचे ते तुम्ही ठरवा. व्रत सोडा असे मी आज म्हणत नाही. आधी खरे चित्र पाहू.” एकाशनाच्या दिवसाचे औषध त्यांनी वेगळे लिहून दिले आणि दोन गोळ्या एकदम घेण्यास सक्त मनाई केली. साखर ७० च्या खाली गेल्यास काय करायचे, ते एका कागदावर लिहिले. स्वतःसाठीही अट घातली : रोजचे आकडे पाठवायचे नाहीत, भेटीच्या वेळी चौदा दिवसांचा एकपानी अहवाल आणायचा.

पत्नीने ठरवले, आलेख ती आणि डॉक्टर पाहतील. साखर घसरल्याची सूचना तेवढी माझ्या मोबाइलवर येईल. मुलाची जोडणी तिने स्वतः बंद केली. दवाखान्यातील परिचारिकेने चकती लावायला शिकवले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो एकपानी अहवाल बराच वेळ पाहिला. चतुर्दशीच नव्हे, साध्या दिवसांतही पहाटे साखर खाली झुकत होती. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. हिवाळ्यात तेथपासून सकाळच्या न्याहारीपर्यंत तेरा-चौदा तास पोट रिकामे असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी मात्र उत्तम येत होती. व्यापाऱ्याला हे चटकन उमजेल : तिमाहीअखेर शिल्लक छान दिसते, मधल्या काळात खाते कितीदा ओढग्रस्त झाले, ते उतारा पाहिल्यावाचून कळत नाही. डॉक्टरांनी संध्याकाळचे औषध कमी केले. यंत्राने काम वाढवले तोवर ते त्यांना नको होते. निदानास हात दिला, तेव्हा ते त्यांचे झाले. आता ते स्वतः इतर रुग्णांना हा एकपानी अहवाल आणायला सांगतात.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत केला. व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी संमती आणि ती मागे घेण्याचा अधिकार, हा त्याचा गाभा. आरोग्य नोंदींसाठी असलेला चौदा अंकी आभा क्रमांकही संमतीच्याच तत्त्वावर उभा आहे. परंतु घरगुती कारणासाठी एका व्यक्तीने दुसऱ्याची माहिती हाताळली, तर तो अधिनियम लागू होत नाही. तेव्हा आपल्या घरातील आजी-आजोबांच्या मोबाइलवर एखादे आरोग्य ॲप जोडताना तेथे कायदा येणार नाही. विचारायचे ते आपणच.

आता ती चकती नियमित लावते. परवा एकाशनाच्या संध्याकाळी तिने आकडा पाहिला, आणि सूर्यास्तापूर्वीच डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे मुगाचे कढण घेतले. निर्णय तिचा होता, म्हणून त्याची खंतही तिने धरली नाही. रात्री मुलाचा फोन आला, “बाबा, आईची साखर कशी आहे?”

मी म्हणालो, “खातेदारालाच विचार.” आणि फोन तिच्या हाती दिला.