असंच आणखी काही?

मालिका संपली की माणसं जरा विचित्र वागतात. शेवटचा खंड मिटतात, पुन्हा उघडतात, मलपृष्ठावर काही राहून गेलंय का बघतात. मग ओळखीच्या एखाद्या वाचकाला गाठून म्हणतात, “संपलं गं! आता असंच काहीतरी सांग ना.” रहस्यकथा वाचणाऱ्याचं असं होत नाही. खुनी सापडला की तो सुटतो. प्रेमाच्या विनोदी मांगांमध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, कोण कुणाचं होणार हे पहिल्याच प्रकरणात कळलेलं असतं. उत्सुकता त्याची नसतेच, म्हणून ती फिटतही नाही.

या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा सामानाच्या यादीवरून दिली जातात. तुझ्या गोष्टीत शाळा होती ना, मग ही घे, हिच्यातही शाळा आहे. हुशार मुलगी आहे, लाजाळू मुलगा आहे, खिडकीजवळचं बाक आहे, शाळेचा महोत्सव आहे. या हिशेबानं जपानी शाळेतल्या प्रेमकथा सगळ्याच एकमेकींसारख्या ठरतील. पण तेच डाळ-तांदूळ घेऊन दोन घरांत खिचडी होते आणि चव काही एक लागत नाही. म्हणून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, “तू थांबलीस कुठल्या पानावर?”

आका आकासाका यांची ‘कागुया-सामा’ घ्या. 2015 ते 2022 चाललेली, 28 खंडांची. शुचिइन नावाच्या बड्या शाळेत विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष मियुकी शिरोगाने आणि उपाध्यक्ष कागुया शिनोमिया. दोघांचा एकमेकांवर जीव, पण जो आधी कबूल करील तो हरला, अशी दोघांची पक्की समजूत. या कथांमध्ये कबुली ही फार मोठी गोष्ट असते. समोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं ‘मला तू आवडतेस’ असं म्हटल्याखेरीज नातं सुरू झालं असं धरत नाहीत. नजरानजर, वह्यांची देवघेव, एकत्र खाल्लेला वडापाव यांवर तिथे काम भागत नाही. हा रिवाज ध्यानात घेतला नाही, तर ही सारी टोलवाटोलवी खुळचट वाटेल. चित्रपटाला जायचं कुणी सुचवायचं यावरून हे दोघे डाव रचतात, आणि चिका फुजिवारा नावाची बिनधास्त मुलगी मध्ये येऊन सगळा पट उधळते. प्रकरण संपताना आज कोण हरलं याचा निकालही लागतो.

आता या मालिकेचा एक वाचक त्या निकालावर खदखदून हसतो. दुसरा थांबतो तो आतषबाजीच्या प्रकरणावर. कागुयाला घरच्यांनी बाहेर सोडलेलं नाही, सुट्टी संपत आलीय, ती कशीबशी निसटून पोचते तोवर उशीर झालेला. मग शिरोगाने तिला शोधून काढतो, सगळ्यांना टॅक्सीत कोंबतो आणि दुसरीकडची आतषबाजी गाठायला धावतो. आकाश उजळतं, तेव्हा ती पाहत असते त्याच्या चेहऱ्याकडे. विनोद तेवढ्यापुरता गप्प बसतो. या दोन वाचकांना एकच नाव सुचवणं म्हणजे दोघांचाही विरस.

पहिल्याला डावपेच हवेत. त्याच्या हाती सोइचिरो यामामोतो यांची ‘ताकागी-सान’ बिनधास्त द्यावी. शेजारच्या बाकावरच्या ताकागीवर एकदा तरी मात करायची या ईर्ष्येनं पेटलेला निशिकाता रोज हरतो. खेळ तोच, पण तो खेळ नेमका कशाचा आहे हे दोघांपैकी एकीलाच ठाऊक. पार्श्वभूमी शोदोशिमा बेटाची, यामामोतो स्वतः तिथलेच. त्यामुळे देवळाच्या पायऱ्या आणि समुद्राकडे उतरणारे रस्ते कल्पनेतले वाटत नाहीत. इझुमी त्सुबाकी यांचा ‘नोझाकी-कुन’ त्याहून खट्याळ. चियो साकुरा धीर करून नोझाकीपुढे मन मोकळं करायला जाते आणि ‘मी तुझी चाहती आहे’ असं काहीसं बोलून बसते. तो शांतपणे स्वाक्षरी देतो, कारण हा धिप्पाड मुलगा टोपणनावानं मुलींच्या मासिकात प्रेमकथा काढतो. मग तिला घरी नेतो आणि चित्रांतला काळा रंग भरायला बसवतो! प्रेमकथा रचणाऱ्याला प्रेम ओळखता येत नाही, एवढ्या एका गमतीवर चार-चार चौकटींची ही मालिका चालते. कबुलीच्या जवळ ती फारशी जात नाही, आणि पहिल्या वाचकाला त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या वाचकासाठी मात्र मी सरळ चाळीस वर्षं मागे जाते. रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझों इक्कोकु’, 1980 ते 1987. यात विद्यार्थी मंडळ नाही, श्रीमंत घराणं नाही, डावपेच तर नाहीतच. टोकियोतलं एक मोडकळीला आलेलं लाकडी घर, त्यात भाड्यानं राहणारी मंडळी. युसाकू गोदाई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा अभ्यासाला बसलेला. शेजारचा योत्सुया भिंतीला भोक पाडून थेट त्याच्या खोलीत शिरतो, आणि बाकीचे त्याच्याच खोलीत दारूची मैफल जमवतात. वैतागून गोदाई निघून जायच्या बेतात असतो, तेवढ्यात घराची नवी व्यवस्थापक दारात येते. क्योको ओतोनाशी, कोवळ्या वयातली विधवा. तिच्या कुत्र्याचं नाव सोइचिरो. तिच्या गेलेल्या नवऱ्याचंही तेच नाव होतं, हे गोदाईला मागाहून कळतं. चाळीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे घर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भिंतीला कान आहेत, आणि इथे तर भोकही आहे.

मला या मालिकेत सर्वांत मोलाचं वाटतं ते काळाचं वाहणं. बहुतेक विनोदी मांगांमध्ये मुलं वर्षानुवर्षं एकाच वर्गात असतात. इथे मालिका जेवढी वर्षं छापली जात होती, साधारण तेवढीच पात्रांच्या आयुष्यातही सरतात. गोदाई पास होतो, शिकतो, नोकरीसाठी वणवण करतो. क्योकोचं दुःख हळूहळू सैल होतं, आणि सैल होतंय याचंच तिला अपराधी वाटतं. टेनिस शिकवणारा देखणा, पैसेवाला मिताका हाही उमेदवार आहे, आणि तो कुत्र्यांना घाबरतो! हसवणारी गोष्ट आणि रडवणारी गोष्ट एकाच कुत्र्याला बांधून ठेवणं हे ताकाहाशींनाच जमावं. गैरसमज तर पावलोपावली, कारण मोबाइल नाही, घरात फोन एकच, आणि तो उचलणारे शेजारी असे. शेवट सांगत नाही. कबरीपाशी गोदाई जे बोलतो, तिथे पोचाल तेव्हा कागुयाच्या आतषबाजीवर आपण का थांबलो होतो ते कळेल.

तिसऱ्या तऱ्हेचे वाचक असतात, त्यांना ताटकळणंच नको. एकदाचे जमले, पुढे काय, ते सांगा म्हणणारे. त्यांच्यासाठी ‘होरिमिया’ किंवा ‘ओरे मोनोगातारी’ पुरे. दुसऱ्या मालिकेतल्या राक्षसी देहाच्या ताकेओचं आणि नाजूक यामातोचं सुरुवातीलाच जुळतं, आणि तरीही 13 खंड हसू थांबत नाही.

आया नाकाहारा यांची ‘लव्हली कॉम्प्लेक्स’ मी आणखी वेगळ्या कारणासाठी सुचवते. 172 सेंटिमीटर उंचीची रिसा आणि तिच्याहून चांगलाच बुटका ओतानी. गोष्ट ओसाकाची, बोली तिथली, आणि शाळेत या दोघांना एका खऱ्याखुऱ्या विनोदी जोडगोळीच्या नावानं हाक मारतात. आपण हे बहुधा इंग्रजी अनुवादातून वाचतो, त्यामुळे बोलीचा ठसका बराच निसटतो. भांडणाची लय तेवढी टिकते.

एका मुलाभोवती पाच मुली पिंगा घालतात त्या मालिका मी कुणाला सुचवत नाही. त्यांत वाट पाहणं नसतं, नुसती मतमोजणी असते. त्यापेक्षा मिसाकी ताकामात्सु यांची ‘स्किप अँड लोफर’ वाचा. नोतो द्वीपकल्पावरच्या आडगावातून टोकियोला शिकायला आलेली मित्सुमी पहिल्याच दिवशी रस्ता चुकते. तालुक्याच्या गावाहून पुण्याला शिकायला आलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. यात प्रेम इतकं सावकाश उगवतं की ते नेमकं कधी सुरू झालं ते दाखवता येणार नाही.

आणि एक. काओरु तादा यांची ‘इताझुरा ना किस’ सुचवताना आधीच सांगत जा की ती अपुरी आहे. 1990 मध्ये सुरू झाली आणि 1999 मध्ये लेखिकाच गेल्या. हे ठाऊक असून वाचणारे आहेत, पण न सांगता कुणाच्या हाती देऊ नका. तसंच, विचारणाऱ्याला दहा नावं एकदम देऊ नका. तो कुठल्या पानावर थांबला ते विचारा, एकच नाव द्या, आणि ते किती खंडांचं आहे हेही सांगून टाका, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री तो पहिला खंड उघडणार नाही.