दोन दिवसांचा आराम

रोवणीचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बदलतात. दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि ओल्या लुगड्याखाली, कमरेला, जांघेत नायटा धरतो. चिखल्या पाय कोरडे राहिले, मलम लावले की बऱ्या होतात. नायट्याचे तसे राहिले नाही.

पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा हा आजार गेल्या काही वर्षांत घरेच्या घरे धरून बसला आहे. आज देशभर नायट्याच्या मुळाशी बहुतेक वेळा जी बुरशी सापडते, तिला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिले. टर्बिनाफिन हे आमचे भरवशाचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. पण सगळा दोष बुरशीला देता येणार नाही. त्यात मोठा वाटा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबचा आहे.

या ट्यूबमध्ये बुरशीचे औषध असते, अँटिबायोटिक असते आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टिरॉइड असते. ‘ट्यूब लावली का दोन दिवसांत आराम पडते जी,’ असे बाया सांगतात आणि ते खरेच असते. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबते. पण खाज म्हणजे शरीराने बुरशीशी चालवलेला झगडा. तो दाबला की बुरशी मोकळेपणी पसरते. नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, डॉक्टरही चकतात. जांघेत कातडी फाटल्यासारखे पट्टे उमटतात, ते पुढे कधीच पूर्ण जात नाहीत. खरा उपचार कंटाळवाणा आहे: कित्येक आठवडे गोळ्या, डाग दिसेनासे झाल्यावरही काही दिवस मलम, टॉवेल वेगळा, कपडे उन्हात वाळवलेले, आणि घरात ज्याला ज्याला नायटा आहे त्या सगळ्यांचा एकाच वेळी इलाज. भर पावसात उन्हात वाळवा म्हणताना मलाच अवघडल्यासारखे होते. मग निदान इस्त्री फिरवा म्हणते.

तुळशीचे लग्न लागले की तीच सवय चेहऱ्यावर चढते. वांगावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण देतात. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेल्या सूत्रावरून ते आले. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरले तर ते उत्तम औषध आहे. आपल्याकडे मुली ते गोरे होण्याची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावतात. कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात, गालांवर लव वाढते. बंद केले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, आणि त्या भीतीने मुलगी पुन्हा ट्यूब उघडते. सावळ्या लेकीला लग्नासाठी या चक्रात ढकलणाऱ्या घरांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ट्यूब मिळतेच.

आमच्या भागात मला सर्वांत जास्त धास्ती मात्र वेगळ्याच चट्ट्याची वाटते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. फिकट किंवा लालसर चट्टा, ना खाज ना दुखणे. म्हणून माणूस तो नायटा किंवा शिबे समजून ट्यूब चोळत राहतो. स्टिरॉइडने लाली उतरते, बरे वाटते, आणि आत मज्जातंतू झिजत जातात. अशा चट्ट्यावर डोळे मिटून कापसाची वात फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कळला, तरी महिनोन्महिने न हलणारा चट्टा दाखवाच. गोळ्या तिथे फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि वेळेत सुरू केल्या तर बोटे वाकत नाहीत.