नाक्यावरची रांग

पूर्वी ड्रायव्हर खेपेवरून आला की आधी अंघोळीला जात नसे, हिशेबाला येत असे. आम्ही त्या काळातले ट्रान्सपोर्टचे कारकून. रेक्झिनच्या पाकिटातून तो मळक्या चिठ्ठ्या टेबलावर ओतायचा: डिझेल, पंक्चर, जकात, वाराई, आणि शेवटी एक असा आकडा, ज्याला पावतीच नसायची. त्याच्यापुढे आम्ही वहीत ‘चहापाणी’ लिहायचो. शेठ चष्म्यावरून बघायचे आणि निम्मे कापायचे. ड्रायव्हर पोरांची शपथ घ्यायचा आणि थोडे परत मिळवायचा. आकडा फुगवलेला आहे हे दोघांनाही ठाऊक असे, आणि पगार चेपलेला आहे हेही. एवढं झालं की खरा चहा यायचा.

आता फ्युएल कार्ड आहे, जीपीएस आहे, आणि २०२१च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी परत येण्याआधीच हिशेब झालेला असतो. वाटेत घेतलेल्या सवाऱ्या मोबाइलवर दिसतात, डब्यातून विकलेलं डिझेल सेन्सरला कळतं. चोरी थांबली, उत्तम झालं. पण त्या चोरीवर डोळा ठेवूनच शेठ पगार ठरवत असत. चोरी बंद झाली म्हणून पगार तेवढा वाढवला, असं मात्र आमच्या ऐकिवात नाही. भत्ता खेपेवर, उचल शेठच्या मर्जीवर, आणि माल उतरायला दोन दिवस खोटी झाली तर ते दिवस ड्रायव्हरचे.

जुन्याचं कौतुक करताना जीभ जरा आवरतो. इंजिन केबिनमध्येच धगधगायचं आणि स्टिअरिंग फिरवून दंड भरून यायचे. तेरा-चौदा वर्षांचा क्लीनर कसाऱ्याच्या घाटात मागच्या चाकाला दगड लावायला उडी मारायचा, चुकला तर पान्याचा मार खायचा. आम्ही त्याला ‘उस्तादाकडे शिकतोय’ म्हणायचो. शेठ खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालून ड्रायव्हरला पोशाख द्यायचे, आणि त्या पोशाखात आम्हाला फंड, विमा, म्हातारपण सगळं दिसायचं. आमची नजरच तशी होती.

१ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. हे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. फक्त त्या थंडगार केबिनमध्ये आता बऱ्याचदा ड्रायव्हर एकटाच असतो. क्लीनरचा भत्ता वाचवला गेला, त्याचं काम वाचलं नाही.

आणि ती मुलुंडच्या जकात नाक्यावरची रांग! नाशिकचा माल घेऊन आलेल्या गाड्या तासन्‌तास उभ्या. निव्वळ फुकट गेलेला वेळ, वर धूर, वर दलाल. पण स्टोव्ह पेटायचे, कणीक मळली जायची, आणि एकमेकांना विचारलं जायचं: तुझा शेठ खेपेला काय देतो? एवढ्या प्रश्नावर किती ड्रायव्हरांनी शेठ बदलले, ते आमच्या वहीत दिसायचं. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, रांग गेली. गेली ते बरंच झालं, तरी चुकचुकतं. संघटना म्हणावी असं ड्रायव्हरांकडे काही असेल तर ती रांग होती.

कायदा नव्हता असं नाही. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१चा, २०२५पर्यंत तो होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडचे कितीतरी मालक एक-दोन गाड्यांचे. २०१८चा आठ दिवसांचा चक्का जाम झाला तो डिझेल, टोल आणि विम्यासाठी. म्हणजे मालकांच्या दुखण्यासाठी. जानेवारी २०२४मध्ये मात्र अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या तरतुदीवर ड्रायव्हर स्वतःच चिडले आणि गाड्या सोडून उतरले. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकार नमलं, पण बोलणी केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदार मालकांच्या महासंघाशी. चाक थांबवलं एकाने, खुर्चीवर बसला दुसरा.

त्याच ट्रकमध्ये पोती चढवणारा माथाडी बघा. त्याची माथाडी मंडळात नोंद असते, मालक मजुरीवर लेव्ही भरतो, त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी मिळते. पोती चढवणाऱ्याला हे मिळालं, पोती मुंबईला नेणाऱ्याला नाही. ड्रायव्हर एका बाजारात सापडत नाही, आज कसारा तर उद्या कर्नूल, हे खरं. पण २०२४मध्ये गाड्या थांबवण्याचा निरोप फोनवरच पसरला होता. बिल्टीमागे थोडी लेव्ही, ड्रायव्हरांचं स्वतःचं मंडळ, आणि त्याआधी मालकांपासून वेगळी, फक्त ड्रायव्हरांची युनियन, एवढी मागणी आता व्हायला हवी. शेठ लोकांनी पुढाकार घेण्याची वाट बघू नये. माथाडींनाही कायदा आयता मिळाला नाही; अण्णासाहेब पाटलांनी त्यांना आधी एकत्र आणलं, कायदा १९६९मध्ये आला.