शंका, दोष आणि किंमत : जुन्या जिप्सीच्या खरेदीविषयी

चि. भाच्यास,

मावळातल्या शेतावर नेण्यासाठी जी जुनी मारुती जिप्सी किंग तुझ्या मनात भरली आहे, ती बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे आणि ‘गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे’ याखेरीज विक्रेत्याने त्याचे कारण सांगितलेले नाही, असे तुझ्या पत्रावरून दिसते. हे उत्तर त्या ‘काहीतरी’विषयी आहे, कारण नेमका दोष ठाऊक नसलेली गाडी स्वस्त की महाग हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दोष कळला की निर्णयाचा अर्धा भाग उरकलेला असतो.

जिप्सी 1985 साली भारतात आली, 1996 मध्ये 1.3 लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली आणि 2019 च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या जिप्सीमागे लष्करी सेवा, जंगल सफारी किंवा डोंगरवाटांवरची भटकंती असण्याचा संभव मोठा असतो. तिच्या इंजिनाची शक्ती प्रथम क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तेथून ती ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे मागच्याच चाकांना शक्ती द्यायची की चारही चाकांना, आणि नेहमीच्या गतीने की जास्त जोराच्या ‘लो’मध्ये, हे ठरवणाऱ्या पेटीत पोहोचते, पुढे प्रोपेलर शाफ्ट आणि त्यांच्या टोकांचे क्रॉस तिला डिफरन्शिअलकडे, म्हणजे वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या जुळणीकडे नेतात. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असून दोघांना एक आखूड शाफ्ट जोडतो, त्यामुळे एक उतरवण्यासाठी दुसरा उतरवावा लागत नाही आणि आवाज नेमका कुठून येतो हेही तुलनेने सहज ओळखता येते.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर, सपाट जागी, चाकांना उटी लावून करावी. गाडी न्यूट्रलमध्ये असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव जास्त. त्यानंतर ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून गिअर टाकले, की गाडी जागेवर राहते, पण गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा पुढचा भाग फिरतो. येथे सर्व शांत असून रस्त्यावर मात्र आवाज येत असेल, तर शोध मागच्या भागात घ्यावा लागतो, अर्थात ओझे पडल्यावरच बोलणारे दोष या परीक्षेत निसटू शकतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची, आणि ती गिअरबॉक्समधले ऑइल पुरते गरम झाल्यावरच करावी, कारण थंड व घट्ट ऑइल पुष्कळ आवाज झाकून ठेवते. चौथ्या गिअरमध्ये शक्ती गिअरबॉक्समधून सरळ पार होते, बाकीच्या गिअरांत ती खालच्या जोडशाफ्टवरून वळून जाते. म्हणून चौथ्यात आवाज कमी आणि इतरांत जास्त असेल, तर जोडशाफ्टचे दाते किंवा बेअरिंग तपासायला हवेत. वरच्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, हा घसरणाऱ्या क्लचचा दोष असून त्यात गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. खालचा गिअर टाकताना करकर होणे हे सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर आणि शाफ्ट यांची गती आधी जुळवून देणारी पितळी कडी, झिजल्याचे लक्षण असते. गिअर सोडता-धरताना होणारी ‘टक’ बहुधा क्रॉसची असते, आणि गाडी डावी-उजवीकडे वळवताना कमी-जास्त होणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची.

फोर बाय फोरच्या गाडीत आणखी एक फसवे लक्षण आढळते. जिप्सीत पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शिअल नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांना शक्ती देऊन वळण घेतले, की दोन्ही अ‍ॅक्सलना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि तो ताण शाफ्टांत साठत जाऊन ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकतो. नवखा ग्राहक त्यालाच दोष समजतो, परंतु गाडी थोडी मागे घेताच लिव्हर मोकळा झाला, तर तो बिघाड नसून वापरातली चूक असते; मात्र मागील मालकाने अशी चूक वर्षानुवर्षे केली असेल, किंवा पुढचे-मागचे टायर निरनिराळ्या मापाचे बसवले असतील, तर ट्रान्सफर केसची झीज गृहीत धरावी. चारही चाकांची चाचणी यासाठी मातीवरच घ्यावी, आणि पुढच्या चाकांवर हाताने लावायचे हब असल्यास ते आधी लॉक करावेत, अन्यथा चांगली यंत्रणाही निकामी वाटते.

तिसरी परीक्षा ऑइलची, आणि ती सर्वांत प्रामाणिक होय. ड्रेन प्लग काढून थोडे ऑइल पाहिले असता बारीक राखाडी गाळ ही स्वाभाविक झीज समजावी. सोनेरी कण पितळी कड्यांची झीज सांगतात, टोकदार पोलादी तुकडे दाते किंवा बेअरिंग तुटल्याचे सांगतात, आणि दुधाळ कॉफीसारखा रंग ओढ्या-नाल्यांत आत पाणी शिरल्याचे सांगतो. ही तपासणी करू न देणाऱ्या विक्रेत्याशी सौदा पुढे नेऊ नये.

किंमत ठरवताना निर्दोष जिप्सीच्या स्थानिक भावातून सर्वांत वाईट शक्यतेचा, म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा, सुट्या भागांसह मजुरीचा खर्च वजा करावा. उरलेली रक्कम विक्रेत्याच्या मागणीपेक्षा जास्त असेल, तरच ती गाडी खरोखर स्वस्त आहे. ‘किरकोळच असेल’ या आशेवर पैसे मोजणे म्हणजे विक्रेत्याच्या डोक्यावरचे ओझे आपल्या डोक्यावर घेणे होय. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी फिटनेस तपासणीनंतर दर 5 वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो, तेव्हा तो खर्चही याच हिशोबात धरावा, आणि चॅसी क्रमांक आरसीवरील क्रमांकाशी ताडून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

एका दोषाला मात्र कोणतीही सूट पुरी पडत नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर निसटत असेल, तर इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि घाटात तापलेले ब्रेक दगा देऊ शकतात. शेतावर जाताना त्या गाडीत मुले आणि घरची माणसे बसणार आहेत, म्हणून अशी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत कोणीही घाटात नेऊ नये. करकरणारा गिअर, झिजलेला क्लच, ढिला क्रॉस यांची किंमत करता येते आणि त्यांच्यासह गाडी आनंदाने घ्यावी. निसटणारा गिअर असेल, तर आधी दुरुस्ती आणि मग व्यवहार, हा क्रम विक्रेत्याने मान्य केला तरच पुढे जावे.

तुझा हितचिंतक,
मामा