साखरेचा निवडुंग

साखरेला दुसऱ्या वस्तूचें रूप देण्याची विद्या आपल्या घरांना अपरिचित नाहीं. संक्रांतीच्या सुमारास मंद आंचेवर पाकाचीं पुटें देऊन हलव्यावर कांटा फुलविणाऱ्या आणि त्याचे हार, बाजूबंद, मुकुट गुंफणाऱ्या गृहिणी आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्याच विद्येचें परदेशी रूप मीं अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, फीनिक्स शहरीं, मुलीच्या घरीं पाहिलें.

नातवाच्या सहाव्या वाढदिवसाच्या केकवर तिकडील घोडेस्वार गुराख्यांचा, म्हणजे काउबॉयचा, देखावा करावयाचा होता. वाळवंट, दोरखंड, कमरपट्ट्याचें बक्कल आणि मध्यभागीं उंच निवडुंग. आणि यांतील प्रत्येक वस्तु खातां आली पाहिजे, हा मुलीचा संकल्प.

पिठीसाखर व ग्लुकोज यांची कणीक मळतांना तिकडे जिलेटिन घालतात. तें जनावरांच्या कातड्याहाडांपासून होतें. म्हणून तिनें त्याऐवजीं समुद्रशेवाळापासून होणारें चायना ग्रास घेतलें. दोन बारीक वळ्यांना पीळ देतांच दोरखंड झाला. बिस्किटांचा चुरा व तांबूस साखर यांची वाळू झाली. निवडुंगास आधार म्हणून लांकडाची काडी न घालतां तिनें कोरड्या स्पॅगेटीची, म्हणजे जाड इटालियन शेवईची, काडी घातली; मुलाच्या घशांत कांहीं टोंचूं नये हा हेतु. मग हीं शिल्पें दोन दिवस उघड्या हवेंत वाळत ठेविलीं.

निवडुंग मात्र चित्रावरून झाला नाहीं. तेथील ‘सग्वारो’ जातीचा निवडुंग चाळीस फुटांपर्यंत वाढतो. त्याच्या अंगावरील उभ्या चुण्या पाऊस पडल्यावर पाणी शोषून फुगतात व दुष्काळांत आवळतात. पहिली फांदी फुटावयास पुष्कळदां पन्नास-पाऊणशें वर्षें लागतात. हें पाहून-समजून घेतल्यावर मुलीनें सुरीच्या पाठीनें चुण्या उमटविल्या, आणि हिरव्या रंगांत किंचित् तांबडा मिसळून त्याचा भडकपणा मोडला. अनुकरणास आधीं निरीक्षण लागतें, हें मी वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. तें येथें पोळपाटावर सिद्ध झालेलें पाहिलें.

खरा विवेक बक्कलाच्या वेळीं लागला. दुकानांतील चमकदार रुपेरी पुडीवर ‘बिनविषारी’ असें छापलेलें होतें. ‘खाद्य’ हा शब्द नव्हता, घटकांची यादीहि नव्हती. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ऱ्होड आयलंड संस्थानांत 2018 सालीं अशाच चकचकीत भुकटीनें सजविलेला वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना वांत्या झाल्या. त्या भुकटींत तांबें निघालें. पुढच्याच वर्षीं मिसूरी संस्थानांत अशाच एका भुकटींत शिसें आढळलें. मुलीनें पुडी बाजूस सारिली आणि बक्कल हळदीच्या पाण्यानें पिंवळें केलें. तें झळकलें नाहीं, हें खरें.

पण कारागिराचें अनुकरण डोळ्यांना कितीहि फसवो, जिभेला व पोटाला त्यानें फसवितां कामा नये. देव्हाऱ्यांतील आरास दुरून पाहावयाची असते. केकवरील आरास बालकाच्या मुखांत जावयाची असते. म्हणून आपल्या घरीं असा घाट घालणाऱ्या भगिनींनीं रंगाची डबी उघडण्यापूर्वीं तिच्यावरील अक्षरें वाचावींत. चकाकी थोडी उणी पडली तर मुलें रुसत नाहींत. त्यांचें लक्ष निवडुंग कोणाच्या वांट्यास येतो याकडेच असतें.