आधी आपल्याला, उरली तर बाहेर

2021 च्या एप्रिलमध्ये माझं मत पक्कं होतं. पुण्याजवळच्या मांजरीत, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी कोरोनाची लस आधी पुण्याला, मग महाराष्ट्राला, मग देशाला मिळाली पाहिजे. उरलीच तर परदेशाला. आज ते मत माझं राहिलेलं नाही. तेव्हा चारचौघांत तावातावानं मांडलं होतं, म्हणून बदललं हेही चारचौघांतच सांगतो.

गंमत म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी याच निर्यातीचा आम्हाला कोण अभिमान होता! 12 जानेवारीला पहाटे पाचच्या सुमारास सीरमच्या फाटकातून पूजा होऊन तीन ट्रक निघाले. प्रत्येकी 32 किलोचे 478 खोके विमानतळाकडे गेले, ते देशातल्या शहरांसाठी होते. परदेशाची पहिली खेप 20 जानेवारीला भूतान आणि मालदीवला गेली, पाठोपाठ बांगलादेश, नेपाळ, ब्राझील. फेब्रुवारीत घानामध्ये 6 लाख डोस उतरले. ‘कोव्हॅक्स’ या जागतिक योजनेतली ती पहिली खेप, आणि तीही पुण्याचीच. देशाचं वजन वाढतं ते असं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

मग दुसरी लाट आली. बेड मिळेना, रेमडेसिविरसाठी फोनाफोनी, ऑक्सिजनची मारामार. आमच्या भागातल्या लसीकरण केंद्रावर लोक सकाळी सहाला नंबर लावायचे आणि दहा वाजता खिडकीवर ‘आज लस उपलब्ध नाही’ असा कागद चिकटायचा. आई घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायची. कारखाना आपल्याच शहरात आणि आपल्यालाच लस नाही, या विचारानं तळपायाची आग मस्तकात जायची. तोवर सुमारे साडेसहा कोटी डोस नव्वदहून अधिक देशांत गेले होते. मार्चअखेर निर्यात जवळपास थांबली, तेव्हा ‘उशिरा का होईना, शहाणपण सुचलं’ असं मी म्हणालो होतो.

पहिला खडा टोचला तो अमेरिकेच्या निमित्तानं. 16 एप्रिलला सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती केली, की लसनिर्मितीच्या कच्च्या मालाची निर्यात खुली करा. अमेरिकेनं हा माल आधी स्वतःच्या कारखान्यांसाठी राखला होता. आम्ही सगळे अमेरिकेवर तुटून पडलो, मीही त्यात होतो. पण ‘आधी आपल्याला’ हेच तर अमेरिका म्हणत होती! माझं तत्त्व दुसऱ्यानं वापरलं, की तो स्वार्थ कसा?

मग जरा खोलात गेलो. लस ऑक्सफर्डची, परवाना अ‍ॅस्ट्राझेनेकाचा. सीरमशी झालेला जून 2020 चा तो करार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 100 कोटी डोसांचा होता. त्याच वर्षी ‘गावी’ ही जागतिक लस आघाडी आणि गेट्स फाउंडेशन यांच्याकडून 30 कोटी डॉलरचं पाठबळ आलं. तेव्हा लस यशस्वी होईल की नाही, याचीही खात्री नव्हती. त्यातून गरजू देशांसाठी 20 कोटी डोस ठरले, आणि त्या देशांत भारतही होता. म्हणजे ज्याला मी ‘उरलंसुरलं’ म्हणत होतो, त्यातला मोठा भाग आधीच कबूल केलेला होता.

निर्यात थांबल्यावर बांगलादेशचं काय झालं? 3 कोटी डोसांचा करार होता, हाती आले 70 लाख. लाखो लोक पहिला डोस घेऊन दुसऱ्यासाठी ताटकळले. नेपाळातही वृद्धांची तीच गत. दोन्ही देश चीनच्या सिनोफार्मकडे वळले. संकटात ज्यानं दिलं, त्याच्याकडे माणूस पुन्हा जातो, देशांचंही तसंच.

सगळ्यात लागलं ते केनियाचं. मार्चमध्ये केनियाला कोव्हॅक्समार्फत दहा लाखांवर डोस मिळाले होते, पुढची खेप रखडली होती. मे महिन्यात त्याच देशानं भारताला 12 टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, तेही महाराष्ट्रात वाटण्यासाठी. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आता चहा पिऊन कोरोना घालवा’ छापाचे विनोद फिरले. आपल्याकडून येणं असलेला देश आपल्यालाच शिधा पाठवतो आहे, हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आलं नाही.

तरीही त्या एप्रिलमध्ये रांगेतल्या कुणाला ‘तुझा डोस ढाक्याला जाऊ दे’ असं सांगायची माझी आजही छाती होणार नाही. ज्याचा माणूस अतिदक्षता विभागात आहे, त्याला परराष्ट्र धोरण ऐकवू नये. म्हणूनच हा हिशोब आधी, शांतपणे, कागदावर झाला पाहिजे. बाहेर पहिला डोस दिलेल्यांच्या दुसऱ्या डोसापुरता वाटा राखून बाकी सगळा देशात ठेवला असता, तर घरचाही विश्वास राहिला असता आणि शेजाऱ्यांचाही.

मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं महामारी करार स्वीकारला. सहभागी उत्पादकांनी उत्पादनातला 20 टक्क्यांपर्यंतचा वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी उपलब्ध ठेवावा, अशी त्यात कल्पना आहे. पुढच्या साथीत ही वेळ पुन्हा पुण्यावर येईल, कारण कारखाने इथे आहेत. तेव्हा आपल्या खासदाराला आजच विचारा: किती घरी, किती बाहेर? आणि आकडा ठरला, की रांगेत उभं राहूनही तो पाळायची तयारी ठेवा.